पांगरीकर काका आणि घरचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत विजेची नवी मीटरं बसवायला माणसं आली होती. जुनं काढायचं, त्याच्यावरचा शेवटचा आकडा कागदावर उतरवून घ्यायचा आणि नवं लावायचं, एवढंच काम. शिडीवरचा माणूस आकडे वाचत होता, खालचा लिहीत होता. वरचा इतक्या जोरात ओरडत होता, की पुंडलिकनगरच्या पुढच्या गल्लीलाही आमच्या घरातलं सगळं कळावं. मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी होते. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "अहो, हळू वाचा की. घरचा आकडा आहे तो."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा तो बघण्याचा प्रकार होता. मला हसू आलं, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते पांगरीकर काकांचं होतं.

मी वीज कंपनीच्या एका उपविभागात कारकून म्हणून लागले, तेव्हा मुरलीधर पांगरीकर तिथे बिलिंगचे हेडक्लार्क होते. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, खांद्यात जरासे वाकलेले. अंगात पांढरा हाफशर्ट, खिशात दोन पेनं आणि त्या दोन पेनांच्या मध्ये एक छोटा गोल आरसा. बायकांच्या पर्समध्ये असतो ना, तसला. पहिल्या आठवड्यात मी मनात म्हटलं, या वयात काय हा नखरा! मग एक दिवस शिपायानं मला त्या आरशाची गोष्ट सांगितली. काकांनी हेडक्लार्क होण्याआधी वीसेक वर्षं मीटर वाचली होती, आधी वैजापूरला, मग इथे. तेव्हाची मीटरं वायरमनच्या लहरीप्रमाणे बसत. कुठे जिन्याखाली, कुठे कपाटामागे, कुठे तर भिंतीकडे तोंड करून. तिथे आरसा आत सरकवायचा, बॅटरीचा उजेड टाकायचा आणि उलटे आकडे सरळ वाचायचे. आता त्याचं काही काम उरलं नव्हतं, पण आरसा खिशातून गेला नव्हता.

मी मूळची वैजापूरची, शेतकऱ्याघरची. हे कळल्यावर काकांनी विचारलं, "वैजापूरला कुठं?"

"मार्केट यार्डाच्या मागं."

"हां," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कागदांत डोकं घातलं. गाववाला भेटला की माणूस किती चौकशा करतो! काकांनी एकही केली नाही. मला तेव्हा ते शिष्टपणाचं वाटलं होतं.

ते मला 'ताई' म्हणत, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही. त्यांच्याबरोबर एकदाच मी एका तक्रारीच्या पाहणीला गेले आणि त्यांचं मीटर वाचणं मला बघायला मिळालं. उंबऱ्यापाशी चपला काढल्या. खिशातून रुमाल काढून मीटरची काच पुसली. मग गल्लीकडे पाठ करून असे उभे राहिले, की मागून कुणाला मीटरचा कोपराही दिसू नये. आकडा वहीत लिहिला, वही मिटली आणि घरातल्या बाईंना जवळ बोलावून, एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाले, "ताई, हा तुमचा आकडा."

शेजारच्या कंपाउंडवरून एक गृहस्थ डोकावत होते. "काय काका, यांचं किती झालं ओ?"

"मीटर त्यांच्या भितीला हाय. त्यांनाच इचारा."

हे उत्तर मी नंतर शंभरदा ऐकलं. घरमालक यायचे. आमचा भाडेकरू दिवसभर काय करतो, इस्त्रीचा धंदा तर करत नाही ना, जरा बघून सांगा. काका म्हणत, "मीटरला आकडा दिसतो, इस्त्री नाय दिसत." भाऊबंदकीतले लोक यायचे. थोरल्याच्या घरी एसी बसलाय का, तेवढंच सांगा. काका त्यांना चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. त्यांच्या घरातही तोच कायदा. शेजारणीनं नवा कूलर घेतला, तेव्हा काकूंनी अगदी सहज विचारलं होतं म्हणे, तिचं किती येत असेल हो? काका म्हणाले, "परीक्षा दे, मीटर रीडर हो, मंग कळंल." काकू ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि दर वेळी नव्यानं चिडायच्या.

गंमत म्हणजे स्वतःच्या घरचा आकडा काका कुणालाही सांगत. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरात दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेलाच असायचा. मी एकदा म्हटलं, "आणि हा कसा चालतो हो?"

"ताई, आपला आकडा सांगायला आपण मोकळे. दुसऱ्याचा सांगायला नाय."

आणखी एक तऱ्हा होती. कचेरीतल्या कुणाच्याही घरी लग्न असलं तर काका जेवायला हजर, अहेराला हजर, पण लग्न जमवायच्या बैठकीला बोलावलं की हमखास गैरहजर. ओळखीचा मुलगा असो, मुलगी असो, "काका, त्या घरची माणसं कशी आहेत?" एवढं विचारलं की उठून पाणी प्यायला निघून जात. आम्ही त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा केली. काकूंनी फसवून लग्न केलं वाटतं तुमच्याशी, असंही म्हणालो. ते हसत, पण सांगत काही नसत.

मग दुष्काळाची वर्षं आली. एक गेलं, वाटलं पुढचं बरं जाईल. पुढचं त्याहून कोरडं गेलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. घराघरात ड्रम, टाक्या, घागरी, रिकामे डबे, अगदी पाहुण्यांसाठी ठेवलेली पातेलीसुद्धा भरून ठेवलेली. ज्याच्या अंगणात चालू बोअर, तो त्या दिवसांत राजा. पण राजे लपून राहायला लागले होते. मोटरीवर पोतं टाकत, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

आवाज लपला तरी आकडा लपत नाही. एका दुपारी काकांनी मला जवळ बोलावून गेल्या चार महिन्यांचे तक्ते दाखवले. "हे बघा, ताई. फेब्रुवारीत आकडा वर. मार्चात आणखी वर. पाणी खाली गेलं की मोटर जास्त वेळ चालती. अन् हे एप्रिलात, धाडदिशी खाली. बोअर आटला." त्यांचं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. कुठल्या गल्लीतलं पाणी कधी संपलं, ते सगळं त्या कागदावर होतं. मी थक्क झाले. त्यांनी तक्ता मिटला आणि म्हणाले, "हे आपल्याला दिसतं म्हणून सांगितलं. कुणापाशी बोलायचं नाय."

त्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. कुठेही गेले तरी पिशवीत कापडात गुंडाळलेली स्वतःची बाटली. भर मे महिन्यात ती संपायची, तेव्हा मी माझी पुढे करायची. ते ती बोटांनी परत माझ्याकडे सरकवायचे. "तुमच्याकडं सासूबाई हायेत, ताई. पाणी ज्याचं त्याच्या घरी."

आमच्या वॉर्डात एक पुढारी होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. टँकरचं वाटप त्यांच्या हाती होतं. माणूस वाईट नव्हता, उन्हातान्हात टँकरबरोबर उभा राहायचा. ते एक दिवस आमच्या कचेरीत आले आणि काकांच्या टेबलासमोर बसले.

"काका, सीधी बात है. ज्याच्या घरी बोअर चालू, त्याला टँकर कायको? तुमच्या कंप्युटरमधी सगळं हाय. मोटरवाल्यांची यादी काढून द्या, बाकी मी बघतो."

"भाऊ, आमच्याकडं वीज लिहिलेली हाय. पाणी नाय लिहिलं."

"एकच झालं की ओ!"

"एक नाय. लेखी आणा, वरून सही आणा, मंग बोलू."

भाऊ साहेबांकडे गेले. साहेबांनी काकांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "पांगरीकर, लोकांचं भलंच होतंय ना?" काका म्हणाले, "व्हय साहेब. पण कागद एकदा बाहेर गेला की तो भला माणूसच वाचंल, ह्याची खात्री द्या." साहेब लेखी द्यायला काही तयार झाले नाहीत. गोष्ट तिथेच राहिली.

मला काकांचा भयंकर राग आला. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि पुढचे चार-पाच बोअरवाले बिनदिक्कत ड्रम लावून उभे असायचे. आमच्यापर्यंत येईतो पाइपातून हवा यायची. तत्त्वं घागरीत भरून जिना चढवता येतात का, असं मी नवऱ्यापाशी तणतणले.

त्यानंतर आठवड्याभरात काका पंधरा दिवसांच्या रजेवर नांदेडला गेले. मुलीचं बाळंतपण होतं. दुसऱ्या दिवशी भाऊंचा माणूस यादी मागायला आला आणि काका नाहीत म्हणून माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

आपला आकडा सांगायला आपण मोकळे, असं काका म्हणत. म्हणून हा माझा सांगते. ती यादी मी काढली. कुणी बळजबरी केली नव्हती, कुणी काही देऊ केलं नव्हतं. आमच्या भागातल्या ज्या घरांची युनिटं जास्त, त्यांची गल्लीवार यादी, दोन पानं. प्रिंटर करकरत होता, तेव्हा आपण पुण्याचं काम करतो आहोत, अशीच माझी समजूत होती. दोन दिवसांनी टँकर आमच्या दारापर्यंत आला. मी दोन्ही ड्रम काठोकाठ भरले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

गल्लीच्या टोकाला सुधाताई राहायच्या. निवृत्त नर्स, अर्ध्या गल्लीला त्यांनी इंजेक्शनं दिलेली. पुढच्या फेरीला त्यांनी घागर पुढे केली, तर टँकरवाला म्हणाला, "तुमचा घरनंबर यादीत हाय, बाई. बोअरवाल्यांना नाय."

"कुठला बोअर रे? आत येऊन बघ."

रांगेतली एक बाई म्हणाली, "मोटर चालल्याबिगर येवढी युनिटं येतात व्हय?" दुसरी म्हणाली, "नर्सबाई असून खोटं बोलती." मी त्याच रांगेत पाच-सहा घागरींच्या मागे उभी होते. सुधाताईंच्या अंगणात बोअर नव्हता, हे मला ठाऊक होतं. मग आकडा एवढा कसा, याचा विचार करत मी उभी राहिले आणि माझा नंबर आल्यावर पाणी भरून घरी गेले.

त्यांच्या मागच्या खोलीत त्यांचा भाऊ होता. फुप्फुसं निकामी झालेली, ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू. शाळेत मास्तर होता तो, ताठ माणूस. आपल्या नाकात नळ्या लोकांनी बघू नयेत, असं त्यानं बहिणीकडून कबूल करून घेतलं होतं. गल्लीला वाटायचं, तो गावी असतो. सुधाताई तीन फेऱ्या पाण्याशिवाय राहिल्या. लांबच्या हापशावरून घागरी आणायला लागल्या आणि चौथ्या की पाचव्या दिवशी घसरून मनगट मोडून बसल्या.

काका नांदेडहून आले, त्यांना हे कळलं आणि ते कचेरीतून सरळ तिकडे गेले. मागून टँकरवाल्या भाऊंनाही बोलावून घेतलं. पण भाऊंना आत नेलं नाही. स्वतः चपला काढून उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ह्यांना आत आणू का? नको म्हणलात तर मी दुसरा मार्ग काढतो." प्लॅस्टर घातलेला हात छातीशी धरून सुधाताई दारात उभ्या होत्या. मग आत जाऊन भावाला विचारून आल्या आणि बाजूला सरकल्या. भाऊ बाहेर आले ते खाली मान घालून. त्या दुपारी टँकर सर्वांत आधी सुधाताईंच्या दारात उभा राहिला, यादीही फाडली गेली. पण टँकर आधी तिथेच का, हे विचारता विचारता जे लपवायचं होतं ते गल्लीभर झालंच. बायका सहानुभूतीनं खिडकीतून डोकावायला लागल्या. दिवाळीच्या आधी बहीणभाऊ ते घर सोडून गेले. कुठे गेले, मला कधी कळलं नाही.

कचेरीत चौकशी झाली. साहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "यादी कुणी काढली?"

मी खाली बघत राहिले. नोकरी नवी, सासूबाई आजारी, अशी पन्नास कारणं मी नंतर स्वतःला दिली. खरं कारण एकच, मी घाबरले.

"माझ्या टेबलावरून गेली, साहेब," काका म्हणाले.

"तुम्ही तर रजेवर होता."

"टेबल रजेवर नव्हतं."

साहेबांना कागदावर एक नाव हवं होतं, ते मिळालं. काकांची बदली स्टोअरला झाली, जिथे काढलेली जुनी मीटरं ढिगानं पडलेली असायची. निवृत्तीला चार वर्षं उरलेला हेडक्लार्क भंगाराची राखण करायला बसला. मी पंधरा-वीस दिवस तिकडे फिरकले नाही. मग एकदा धीर करून गेले, तर काका रुमालानं एका मीटरची काच पुसत होते. "या, ताई. ह्यांची वळख करून देतो. ह्यांनी लई घरं बघितली, अन् एकानंबी तोंड उघडलं नाय." सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं, पण सांगितलं नाही. मी चहा घेऊन परत आले.

यादी मी काढली, हे ते ओळखून होते की नव्हते? रोज हजेरीच्या वेळी जिन्यात भेटत, "काय ताई, बरंय ना?" म्हणत. एवढ्या वर्षांत एक टोमणा नाही, एक तिरका कटाक्ष नाही. एखादा शब्द बोलले असते तर मी मोकळी झाले असते.

निवृत्तीनंतर काकांचा जीव एका बॅटरीत अडकला. घरच्या इन्व्हर्टरची साधी बॅटरी, लाकडी पाटावर ठेवलेली, वर जुन्या चादरीचा तुकडा. महिन्याच्या एक तारखेला चादर काढायची, एकेक टोपण उघडून पाणी बघायचं, लागलं तर बाटलीतलं घालायचं आणि भिंतीवर खडूनं खूण करायची. काकू म्हणायच्या, "दुष्काळात मला अंघोळीला अर्धी बादली अन् हिला बाटलीबंद पाणी! सवत परवडली." काका त्या बॅटरीला रांजण म्हणत. "भरल्यावर आपलाय. कधी भरायचा, कधी काढायचं, घरानं ठरवायचं."

शहर तोवर अंगाबाहेर वाढलं होतं. बायपासच्या पलीकडे जिथे आम्ही हुरडा खायला जायचो, तिथे दहा-दहा मजले उभे राहिले. गच्च्यांवर सोलरचे पत्रे चमकायला लागले. आणि मग पेपरात एक सूचना आली. वीज कंपनी घराघरात मोठ्या बॅटऱ्या बसवणार. दिवसा उन्हाची वीज भरायची, संध्याकाळी मागणी वाढली की काढायची. बॅटरी कंपनीच्या मालकीची, तिचं बटणही कंपनीच्या हातात. शिवाय नवं मीटर दर पंधरा मिनिटांनी घरातला आकडा पाठवणार आणि तो आकडा बॅटऱ्या बसवणाऱ्या ठेकेदारांनाही मिळणार. या सगळ्याला परवानगी द्यायची की नाही, हे वीज आयोग ठरवणार होता आणि त्याआधी लोकांच्या हरकती ऐकणार होता.

काकांनी मला फोन केला. "ताई, तुम्हाला टाइप करता येतं ना?"

मी तीन रविवार त्यांच्याकडे जाऊन बसले. ते हातानं लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. पंधरा मिनिटांचा आकडा म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं. घर कधी उठतं, कधी जेवतं, कधी कुलूप लावून जातं, कुणाच्या खोलीत मशीन चालू आहे, सगळं. टाइप करताना सुधाताईंचं दार माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. हरकतीत मात्र त्यांचा उल्लेख नव्हता.

सुनावणीच्या सकाळी सभागृह भरलेलं होतं. कारखानदारांचे वकील, जाड फायली, पडद्यावर इंग्रजी आलेख. मी रजा टाकून तिसऱ्या रांगेत बसले होते. काकांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले आणि माइकपाशी जाण्याआधी सवयीनं चपला काढल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"साहेब, बॅटरीला माझा इरोध नाय," काका म्हणाले. "सबस्टेशनात कंपनीनं खुशाल मोठी बॅटरी ठिवावी. पण घरातली बॅटरी म्हणजे रांजण. रांजण आमच्या घरात अन् तोटी तुमच्या हातात, हे कसं? दुसरं, सगळ्या गावाच्या आकड्यांची वही कंपनीकडं. कुणाच्या घरी संध्याकाळी जास्त वीज लागती, तिला ठावं. तिनंच बॅटरीचं दुकान टाकलं तर बाकीच्या दुकानदारानं काय माशा मारायच्या? घरवाल्याला इचारून, त्याची सही घिऊन आकडा द्या. सगळ्याला सारखा द्या. नायतर कुणालाच देऊ नका."

मधल्या खुर्चीतले अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "पण पांगरीकर, नावं काढून टाकून नुसते आकडे दिले, तर कुणाचं काय बिघडेल?"

 काकांनी खिशातला आरसा काढून तो उगाच रुमालानं पुसला. मग बोलले, ते आमच्या टाइप केलेल्या कागदात नव्हतं.

"साहेब, मी वैजापूरला नवीन रीडर होतो. यार्डामागच्या गल्लीत एक स्थळ होतं. मुलीकडच्यांनी मला इचारलं, माणसं कशी हायेत? मी कौतुकानं म्हणलो, लई साधी. महिन्याची युनिटं बघा, जेमतेम. मला वाटलं, काटकसरीची म्हणून सांगावं. त्यांनी ऐकलं, घरात काही नाय. लग्न मोडलं. मागून कळलं, त्या महिन्यात म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. उजेड सोसत नव्हता म्हणून घर अंधारात बसत होतं." त्यांनी आरसा परत खिशात ठेवला. "मुलीचं पुढं दुसरीकडं झालं. चांगलं झालं का वाईट, मला ठावं नाय. पण ते ठरवलं मी वाचलेल्या आकड्यानं, हे ठावं हाय. आकडा खराच होता, साहेब. मी खोटं काहीच बोललो नव्हतो."

सभागृहात कुणी हसलं नाही. लग्नाच्या बैठकीतून उठून जाणारे काका मला तेव्हा कळले.

मग त्यांनी दुष्काळातल्या यादीचं सांगितलं. गल्लीचं नाव घेतलं नाही, सुधाताईंचं घेतलं नाही. जास्त आकडा बघून लोकांनी बोअर ठरवला आणि तिथे माणसाचा श्वास चालू होता, एवढंच सांगितलं. "त्या यादीतबी नावं नव्हती, नुसते घरनंबर होते. नाव नसलं तरी दार असतंच ना."

अध्यक्ष पुढे झुकले. "ती यादी कुणी दिली होती?"

 उठावं, म्हणावं मी, इथेच म्हणावं, असं वाटत होतं आणि खुर्चीतून उठता येत नव्हतं.

"माझ्या टेबलावरून गेली," काका म्हणाले.

"म्हणजे तुम्हीच दिली?"

"माझ्या टेबलावरून गेली, साहेब. तसं लिहून घ्या." त्यांनी हात जोडले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. माझ्या रांगेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

आयोगाचा आदेश बऱ्याच महिन्यांनी आला. त्या घरच्या लेखी संमतीशिवाय आकडा कुणाला द्यायचा नाही आणि घरातली बॅटरी कुणाकडून घ्यायची हे घरानं ठरवायचं, असं त्यात एका परिच्छेदात होतं. काकांचं नाव कुठेही नव्हतं. ते तोवर मुलीकडे नांदेडला राहायला गेले होते आणि तिथेच वारले होते. मी तो परिच्छेद दोनदा वाचला, मग डोळ्यांना पदर लावला.

पण मला त्यांची शेवटची आठवण आहे ती सुनावणीच्या सकाळची. मी धावत बाहेर आले, तर काका पायऱ्यांवर सावली बघून बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. इतकी वर्षं घशात अडकलेलं एकदाचं वर आलं.

"काका, ती यादी..."

"ताई." त्यांनी हात वर केला. "मी कधी इचारलं का?"

"नाही."

"मंग झालं."

मला रडू फुटलं. पायऱ्यांवरून वकील जात-येत होते, मला त्याची पर्वा नव्हती. काका समोरच्या लिंबाकडे बघत बसून राहिले. मी डोळे पुसले, तेव्हा ते म्हणाले, "बोलून बोलून घसा कोरडा पडला. पाणी हाय का तुमच्याकडं?"

त्यांच्या पिशवीतून त्यांची बाटली अर्धी बाहेर आली होती आणि ती भरलेली होती. ती मला दिसत होती, हे त्यांनाही दिसत होतं. मी माझी बाटली काढून दिली. त्यांनी ती वर धरून, मान मागे टाकून, घटाघटा प्यायला सुरुवात केली. निम्मी संपवली, झाकण नीट बसवलं आणि परत दिली.

"बरं वाटलं," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रिक्षाकडे चालायला लागले. रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत मी ती अर्धी बाटली हातात धरून तिथेच उभी होते.